गोल झालेला बोल्ट: पाना घसरल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, मी गाडीची पुढची चाकं काढून ब्रेक पॅड तपासतो. घर कोकण किनाऱ्यावर, खाडीपासून दहा मिनिटांवर. खारा वारा गाडीच्या पोटाखालचं लोखंड बारा महिने खात असतो. गेल्या वर्षी डाव्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) खालच्या बोल्टवर रिंग पाना बसवला, जोर दिला आणि पाना नुसताच फिरला. बॅटरी मारून बघितलं तर डोक्याचे सहाही कोन गुळगुळीत. १२ मिलिमीटरच्या डोक्यावर आधी कुणीतरी १३ चा पाना चालवला होता. ताजे चकचकीत ओरखडे माझ्या पान्याचे, आणि त्यांच्याखाली जुने, गंजलेले ओरखडे त्याचे.

तो बोल्ट काढायला दोन तास लागले. त्यातला दीड तास नुसता वाट बघण्यात गेला. कॅलिपर शाबूत राहिला, आटे शाबूत राहिले. हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय कारण अशा वेळी नुकसान बोल्ट करत नाही, पहिल्या पाच मिनिटांतली घाई करते.

पाना घसरला की हात काढा

पाना पहिल्यांदा घसरला की तिथेच थांबायचं. पुन्हा तोच पाना, तसाच बसवून, दात-ओठ खाऊन ओढायचा नाही. प्रत्येक घसऱ्याबरोबर डोक्यावरचं थोडं धातू जातं आणि पुढच्या उपायाला पकडायला तेवढंच कमी उरतं. अर्धवट गोल झालेला बोल्ट दहा मार्गांनी निघतो. पूर्ण गोल झालेल्याला तीन-चारच मार्ग उरतात.

इथे दोन अडचणी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, पान्याला पकड नाही. दुसरी, बोल्ट जाम आहे. बहुतेक जण पकडीच्याच मागे लागतात, आणि जाम तसाच असल्यामुळे नवी पकडही सुटते. मी उलट करतो. आधी जाम मोडायला सुरुवात करायची, आणि तेल आपलं काम करत असताना पकडीची तयारी करायची.

हत्यार उचलण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर आधी स्टँड लावा. जाम बोल्टवर अख्ख्या अंगाचा जोर पडतो, गाडी हलते, आणि जॅक निसटायला एक हिसका पुरतो. डोळ्यांवर गॉगल हवा. आडवं पडून काम करताना गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत येतात. मग बोल्ट कशात घुसलाय ते ओळखा. ओतीव लोखंड, स्टीलचा ब्रॅकेट की अॅल्युमिनियम? अॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, तिथे प्रत्येक पायरी अर्ध्या जोराने. आणि शेवटी दिशा. डोक्याच्या बाजूने बघितलं तर बोल्ट घड्याळाच्या उलट सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाडीखाली उताणं पडून, हात वळवून, पलीकडच्या बाजूने काम करताना डोक्यात उलटापालट होते. बोल्ट मन लावून आवळत बसलेली माणसं मी बघितली आहेत. शंका आली तर मोकळा बोल्ट हातात घ्या, त्याच दिशेने धरा आणि फिरवून बघा.

माप चुकतं कुठे

आपल्याकडे दोन घराण्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. मारुती, टोयोटा, होंडा यांच्यावर जपानी वळण: १०, १२, १४, १७, १९. युरोपीय वळणाच्या गाड्यांत १०, १३, १६ किंवा १७, १८ किंवा १९. आटा तोच असतो, डोकं वेगळं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी गाडीत बहुधा १२ चं आणि जर्मन पद्धतीत १३ चं. १३ ची बारा कोनी गोटी (सॉकेट) १२ च्या डोक्यावर आरामात बसते, थोडी खुळखुळते आणि फिरवायला गेलं की कोन खाते.

त्यात अॅडजस्टेबल पाना म्हणजे आगीत तेल. जबडा थोडा ढिला होतो आणि सगळा जोर दोनच कोनांवर येतो. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या फिक्स पान्याचंही तेच. म्हणून जाम वाटणाऱ्या बोल्टवर पहिल्यापासून सहा कोनी गोटी लावायची सवय ठेवा. सहा कोनी गोटीची भिंत डोक्याच्या सपाट बाजूला जास्त जागेवर टेकते, बारा कोनी गोटी कोनाच्या अगदी जवळच पकडते. घरच्या पेटीत सगळ्या मापांच्या बारा कोनी गोट्या असण्यापेक्षा १०, १२, १३, १४, १७, १९ एवढ्या सहाच, पण सहा कोनी आणि चांगल्या पोलादाच्या असलेल्या बऱ्या. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाचे पाने निम्म्या महाराष्ट्राच्या गॅरेजांत दिसतात. घरच्या कामाला तेवढा दर्जा पुरतो. रस्त्यावर किलोच्या भावाने मिळणाऱ्या गोट्यांचं तोंड मात्र जाम बोल्टवर फाकतं.

गंज खरवडा, तेल घाला, वाट बघा

तारेच्या ब्रशने डोकं, डोक्याची कड आणि दिसत असेल तर पलीकडे बाहेर आलेलं आट्याचं टोक स्वच्छ घासा. कोपऱ्यात ब्रश जात नसेल तर जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने गंजाची खपली काढा. हे कंटाळवाणं काम टाळू नका. खपलीवर बसलेली गोटी धातूवर बसलेली नसते. शिवाय बाहेर आलेल्या आट्यांवर गंज तसाच ठेवला, तर बोल्ट मागे सरकताना तोच गंज आत ओढला जातो आणि अर्ध्यात पुन्हा अडकतो.

मग तेल. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण ते १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झालं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातले डब्ल्यू आणि डी हे ‘पाणी हटवणं’ याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे. हलक्या जामला ते चालतं. खऱ्या जामसाठी खास आत झिरपणारं तेल घ्या. डब्यावर पेनिट्रेटिंग ऑइल किंवा रस्ट रिलीज असं लिहिलेलं असतं. जुने मेकॅनिक अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गियरचं तेल अर्धं-अर्धं मिसळतात. ते छान झिरपतं, पण दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. अॅसिटोन रंग उतरवतं, रबर खराब करतं आणि पटकन पेट घेतं. ब्रेकजवळ मी ते वापरत नाही.

तेल डोक्यावर ओतून उपयोग नाही, ते आट्यांपर्यंत पोचायला हवं. आटा दुसऱ्या बाजूने बाहेर येत असेल तर तिथून घाला. नसेल तर डोक्याखालच्या फटीत, आणि जमलं तर फट वरच्या बाजूला येईल असा भाग वळवून. तेल घातल्यावर हातोडीने डोक्यावर सरळ, बोल्टच्या रेषेत, दहा-बारा ठोके द्या. फार जोरात नाही. खिळा ठोकताना देतो तेवढे. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली फट गच्च भरून गेलेली असते. हे दडपण नुसत्या जोराने मोडायला गेलं की बोल्ट तुटतो.

तेल, ठोके, पंधरा मिनिटं. पुन्हा तेल, ठोके, पंधरा मिनिटं. शक्य असेल तर आदल्या रात्रीच सुरू करा. माझ्या कॅलिपरला अशा पाच फेऱ्या केल्या. पॅड आणि डिस्क आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती, कारण पॅडवर तेल लागलं की पॅड टाकून द्यावं लागतं.

एक अपवाद आहे. बोल्टच्या आट्यावर निळा किंवा लाल वाळलेला थर दिसला तर तो लॉकटाइटसारखा डिंक असतो. तेल त्याला काही करत नाही. त्याला उष्णताच लागते. लाल, पक्क्या प्रकाराला साधारण २५० अंश सेल्सिअस. कॅलिपर ब्रॅकेटचे आणि फ्लायव्हीलचे बोल्ट काही गाड्यांत असे डिंक लावून येतात.

लहान गोटी ठोकून बसवणं

तेल झिरपलं की पहिला खरा प्रयत्न हा. घासलेल्या डोक्यावर बसणार नाही इतपतच लहान अशी सहा कोनी गोटी घ्या आणि हातोड्याने ठोकून बसवा. १२ च्या डोक्याला ११ ची. १३ च्या डोक्याला अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची. इंचाच्या गोट्यांचा जुना सेट कुणाकडे पडून असेल तर जपून ठेवा, याच कामाला तो सोन्यासारखा आहे. ११ ची फारच घट्ट वाटली तर ७/१६ इंच, म्हणजे ११.११ मिलिमीटर. १९ ला मात्र पाऊण इंचाचा उपयोग नाही, तो १९.०५ असतो, जवळजवळ तेवढाच.

डोकं फार वेडंवाकडं झालं असेल तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून घ्या. एकच नियम पाळा: दोन्ही बाजू समांतर हव्यात. १४ चं डोकं असं सहाही बाजूंनी घासून १३ चं केलं आणि १३ ची गोटी ठोकली, की नव्यासारखी पकड येते.

गोटी बसल्यावर लगेच सोडवायच्या दिशेने ओढू नका. आधी किंचित आवळून बघा, केसभर. गंजाचा बंध दोन्ही दिशांनी मोडतो आणि आवळण्याच्या बाजूला डोक्याचे कोन सहसा कमी खाल्लेले असतात. मग सोडवा. रॅचेटने, म्हणजे एकाच दिशेला पकडणाऱ्या दातेरी दांड्याने नाही, साध्या लांब दांड्याने. जाम बोल्टवर रॅचेटचे दात जातात. एका हाताने गोटी डोक्यावर दाबून धरा, दुसऱ्याने हळूहळू वाढता जोर. हिसका नको.

आता हाताला काय जाणवतं त्यावर सगळं आहे. ‘कट्’ असा आवाज येऊन बोल्ट थोडा सरकला आणि तिथेच थांबला, तर सुटतोय. आवाज नाही, पण दांडा रबरासारखा मऊ लागतोय, सोडला की परत येतोय, तर बोल्ट पिळवटतोय. इथे थांबला नाहीत तर पुढच्या क्षणी डोकं हातात. ६ मिलिमीटरचा बोल्ट तर फारच सहज जातो. ८.८ दर्जाचा (हा डोक्यावर कोरलेला मजबुतीचा आकडा) असला तरी तो आवळतातच जेमतेम १० न्यूटन-मीटरने, ८ चा साधारण २५ ने, १० चा ५० च्या आसपास. त्यामुळे मनगटाचा जोर आणि पायाचा जोर यांतला फरक ६ च्या बोल्टला सोसत नाही. त्याच कारणाने ६ आणि ८ च्या बोल्टवर मोठी इम्पॅक्ट गन लावू नये. १० च्या पुढे मात्र इम्पॅक्ट उपयोगी: तिचे बारीक जलद धक्के गंज मोडतात.

सरकू लागलेला बोल्ट एकदम काढायचा नाही. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा पाव फेरा मागे. कर्रकर्र वाजला की तेल हवंय असं समजा.

कॅलिपरच्या बोल्टात आणखी एक मेख असते. बोल्टच्या मागची सरकणारी पिन त्याच्याबरोबर फिरते आणि आपल्याला वाटतं बोल्ट सुटतोय. पिनच्या मानेवर सपाट बाजू असतात. तिथे पातळ फिक्स पाना धरून ठेवायचा आणि मगच बोल्ट फिरवायचा.

ठोकलेली गोटीही घसरली तर

एक्स्ट्रॅक्टर गोटी. आतून उलट्या पिळाच्या धारा असलेली ही गोटी, फिरवू तशी डोक्यात रुतत जाते. ९ ते १९ मापांच्या आसपासचा संच ऑनलाइन सहज मिळतो, आणि स्वतःच्या गाडीवर काम करणाऱ्याने घ्यावाच असं माझं ठाम मत आहे. वापर सोपा आहे: घासलेल्या डोक्यावर जेमतेम चढेल ती गोटी निवडा, दोन-तीन दणके देऊन बसवा, दाब सोडू नका. माझा कॅलिपरचा बोल्ट शेवटी यानेच निघाला. त्याआधी ११ ची गोटी बसली होती, पण अर्धा फेरा होऊन घसरली. बोल्ट बाहेर आला की तो गोटीत अडकून राहतो. मागच्या चौकोनी भोकातून पोगर (पंच) घालून ठोकला की सुटतो.

डोक्याभोवती जागा मोकळी असेल तर व्हाइस ग्रिप. ही कुलूपबंद पक्कड साध्या पकडीसारखी वापरायची नाही. मागचा स्क्रू इतका आवळून ठेवा की दोन्ही हातांनी दाबल्यावरच ती बंद होईल, आणि जबडे सपाट बाजूंवर बसवा. मग दांड्याच्या टोकाला हातोडीचे आडवे ठोके. एक्झॉस्टच्या आणि सस्पेन्शनच्या उघड्या नटांवर हे मस्त चालतं. ब्रेकच्या नळीच्या नटावर चालत नाही. तो नट पोकळ आणि मऊ, व्हाइस ग्रिपने चेपला जातो आणि आतली नळीही आवळली जाते. त्याला फ्लेअर नटचा पाना लागतो, जो नळीपुरती फट सोडून पाच बाजूंनी पकडतो.

उष्णता

पोलादापेक्षा अॅल्युमिनियम तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून अॅल्युमिनियममधला पोलादी बोल्ट काढताना ज्योत बोल्टवर नाही, त्याच्या भोवतीच्या धातूवर फिरवायची. भोक मोठं होतं. लोखंडातल्या नटाचंही तेच, नट तापवायचा. उलट, पलीकडून बंद असलेल्या भोकात घुसलेल्या बोल्टचं फक्त डोकंच हाताशी असेल तर डोकंच तापवा; तापून फुगताना आणि निवताना होणाऱ्या हालचालीत गंजाचा बंध तुटतो. साधी ब्युटेनची हातटॉर्च ८-१० मिलिमीटरच्या बोल्टला पुरते. लाल होईपर्यंत तापवायची गरज नाही, आणि अॅल्युमिनियम तर लाल होण्याआधीच वितळतं.

तापलेल्या आट्याच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवा. ज्योत आधी विझवून, नुसतं मेण. ते वितळून आत ओढलं जातं आणि तिथे वंगणाचं काम करतं. हा जुन्या फिटर लोकांचा उपाय आहे. एक्झॉस्टच्या नटांवर मी तेलापेक्षा याच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

कुठे ज्योत न्यायची नाही हे जास्त महत्त्वाचं. पेट्रोलची नळी, टाकी, सीएनजीचा कोणताही भाग, ब्रेकची रबरी नळी, कॅलिपरचे रबरी बूट, बेअरिंग, शॉक अॅबसॉर्बर, एअरबॅगच्या आसपास. आधी तेल फवारलं असेल तर पुसून घ्या आणि अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली शेजारी ठेवा. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी कधीही ज्योत किंवा वेल्डिंग नाही. तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, आणि थोड्या प्रमाणातही तो जिवावर बेतू शकतो. डबा वाचा. कळलं नाही तर त्या दिवशी तापवू नका.

नट वेल्ड करून काढणं

हे सगळं करून बोल्ट जागचा हलला नाही तर मी वेल्डिंगवाल्याकडे जातो, आणि तिथे जायला लाजत नाही. पूर्ण गोल झालेल्या किंवा डोकं तुटलेल्या बोल्टवर याच्यासारखा उपाय नाही. कोरा, झिंक न चढवलेला नट बोल्टच्या डोक्यावर ठेवायचा. नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचा, म्हणजे नट आणि डोकं एक होतात. नवी सहा कोनी पकड मिळते आणि वेल्डची आच थेट बोल्टच्या पोटात जाऊन गंज मोडते. निम्मं काम त्या आचेचंच.

दोन चुका इथे होतात. वेल्ड होताच पाना लावणं ही पहिली. लाली जाऊ द्या, मिनिटभर थांबा, मग आधी थोडं आवळून, मग सोडवून. दुसरी चूक, एकदा नट तुटला की प्रयत्न सोडणं. तीन-चारदा नट तुटणं अगदी साहजिक आहे आणि प्रत्येक वेळी बोल्टला नवी आच मिळत असते.

वेल्डिंगवाल्याला दोन गोष्टी स्वतः सांगा: बॅटरीची वजा बाजूची तार आधी सोडणार, आणि अर्थचा चिमटा बोल्टच्या अगदी जवळ लावायचा. चिमटा लांब लावला तर प्रवाह बेअरिंगमधून किंवा गाडीच्या वायरिंगमधून वाट काढतो.

छिन्नी, ग्राइंडर, ड्रिल

वेल्डिंग जवळ नसेल तर छिन्नी. डोक्याच्या कडेला, परिघाजवळ, छिन्नीने सरळ खाच पाडा. मग छिन्नी तिरकी करून खाचेत टेकवा आणि सोडवायच्या दिशेने ठोके द्या. सगळा जोर परिघावर लागतो, शिवाय ठोक्याचा धक्का मिळतो. इंजिन ऑइलच्या प्लगचं डोकं मोठं आणि उघडं असतं, त्याला हा उपाय छान लागू पडतो. ऑइलचा चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर छिन्नी घसरून त्यावर बसणार नाही एवढं बघा.

जाम नट असेल आणि बोल्टचा जीव महत्त्वाचा नसेल तर विचार करत बसू नका, ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांना जेमतेम लागेल इतकी कापा आणि छिन्नीने फाकवा. नट स्प्लिटर नावाचं हत्यार हेच काम ठिणग्यांशिवाय करतं.

बोल्टच असेल आणि तो कशाला तरी आवळून धरत असेल, तर डोकं ड्रिलने उडवणं हा मला सगळ्यात समाधान देणारा मार्ग वाटतो. आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांत, आणि फक्त १० टक्क्यांच्या आसपास बोल्ट ताणण्यात. डोकं उडालं की तो निम्मा भाग संपतो, ताणही सुटतो. वरचा भाग उचलून काढा, उरलेला खुंट व्हाइस ग्रिपने कितीदा तरी सहज फिरतो. डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंचाने खोल खूण करा, ३ मिलिमीटरने सुरुवात, मग ५, मग बोल्टच्या जाडीएवढं किंवा किंचित मोठं बिट. वेग कमी, दाब जास्त, तेलाचे थेंब. पोलादाचा कीस लांब वळ्यांत निघत असेल तर बरोबर चाललंय.

खुंट भोकाच्या आत तुटला तर लोक ईझी आउट आणतात, म्हणजे खुंटात भोक पाडून आत पिळायची उलट्या पिळाची सळई. मी त्याच्या बाबतीत फार सावध आहे. ते कडक पोलादाचं, ठिसूळ असतं. ज्या बोल्टचं मजबूत डोकं तुटलं, त्याच्या आत बारीक भोक पाडून त्याहून बारीक सळई पिळली तर ती मोडण्याची शक्यता मोठी, आणि मोडलेल्या तुकड्यात साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल चालत नाही. नुसत्या पकडीअभावी राहिलेल्या खुंटाला ईझी आउट लावा. गंजाने जाम झालेल्याला नको. त्याला पुन्हा वेल्ड, किंवा मग बरोबर मध्यावर ड्रिल करत आट्यांपर्यंत जाणं: ६ च्या बोल्टला ५, ८ ला ६.८, १० बाय १.५ ला (१.५ हे आट्यांचं अंतर) ८.५ मिलिमीटर. उरलेलं कवच टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतं. हातड्रिलने केंद्र साधत नसेल तर भाग सोडवून लेथवाल्याकडे न्या. आटे गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा) बसवून मूळ मापाचाच नवा बोल्ट लागतो, आणि अॅल्युमिनियममध्ये तो आधीपेक्षा मजबूत बसतो.

अॅलन आणि चार फाकी स्क्रू

डोक्यात सहा कोनी खड्डा असलेला अॅलन बोल्ट आतून गोल झाला, तर त्यात किंचित मोठं टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं बिट ठोका. ५ च्या अॅलनला टी३०, ६ ला टी४०, ८ ला टी५०. ताऱ्याचे दात खड्ड्याच्या भिंतीत रुततात. ठोकण्याआधी खड्ड्यातली माती सुईने काढा, नाहीतर बिट खोल जात नाही.

ब्रेक डिस्कला धरून ठेवणारे चार फाकी स्क्रू जपानी गाड्यांत हमखास गोल होतात. तिथे हातोडा मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. मागून ठोका बसला की बिट आतही दाबलं जातं आणि फिरतंही. गोल झालाच तर ८ मिलिमीटरने डोकं उडवा. डिस्क पुढे चाकाच्या नटांनी घट्ट धरली जाते, हा स्क्रू फक्त जोडणी करताना डिस्क जागेवर ठेवण्यापुरता असतो.

परत बसवताना

निघालेला बोल्ट कितीही बरा दिसला तरी पुन्हा लावू नका. नवा घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि चार गोष्टी जुळवा: जाडी, आट्यांचं अंतर, लांबी आणि डोक्यावरचा दर्जा. १० मिलिमीटरमध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही आटे येतात. जपानी गाड्यांत बहुधा १.२५. चुकीचा आटा पहिले दोन फेरे बसतो आणि मग भोक खातो. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन यांना हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट नको, कंपनीचाच.

भोकातून टॅप हाताने एकदा फिरवून गंजाचा चुरा काढा आणि हवा मारा. नवा बोल्ट तळापर्यंत बोटांनी गेला पाहिजे. जात नसेल तर पान्याने ढकलू नका, कारण शोधा. कोकणातल्या गाडीला, किंवा गणपतीत मुंबईहून येऊन किनाऱ्यावर आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीलाही, एक्झॉस्ट आणि अंडरबॉडीच्या बोल्टांना कॉपर पेस्ट लावा. पण पेस्टमुळे घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून थोडा हात आखडता घ्या. चाकाच्या नटांना मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय काही लावू नका. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना कॉपर पेस्ट नाही, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच. ऑइलच्या प्लगला नवा वॉशर.

मग टॉर्क पाना (लावलेल्या जोराला पोचला की क्लिक करणारा), मॅन्युअलमधला आकडा, एकच क्लिक. क्लिक झाल्यावर ‘अजून थोडं’ नाही. पुढच्या वेळी कोन खाल्ले जायची सुरुवात तिथूनच होते.

शेवटी मी पांढऱ्या मार्करने बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत एक रेघ ओढतो. माझ्या डाव्या कॅलिपरवरची रेघ पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, चाक काढून बघितली. दोन्ही तुकडे एकमेकांसमोर होते, आणि १२ ची गोटी डोक्यावर खुळखुळ न करता बसली.